गाळणी

नुसतं गाळणी लावून द्या म्हणू नका, पावणं. मशीन करून देतो, कॉईल माझ्या हातानं गुंडाळून देतो, पण गाळणी लावायची का न्हाय ह्ये आधी ऐकून घ्या आणि मग तुमचं तुमी ठरवा. जमिनीतला धातू हुडकायचं खूळ असलेली माणसं ह्या कोल्हापुरात बोटावर मोजण्याइतकी, आणि प्रत्येकाला मत हाय. त्यातलं एकबी मत धड न्हाय. माझं सोडून.

माझा धंदा मोटरी भरायचा. शेतातली मोटर जळली की माणूस ती उचलून माझ्या दुकानात आणून आपटतो आणि उद्याच पायजे म्हणतो. तांब्याच्या तारेत माझं आयुष्य गेलंय. त्यामुळं धातू हुडकायच्या मशीनची कॉईल माझ्याइतकी नीट गुंडाळणारा ह्या जिल्ह्यात तरी दुसरा न्हाय. ही बढाई न्हवं. उदयसिंहाला इचारा. तो बी ह्येच म्हणंल, जरा तोंड वाकडं करून.

उदयसिंहाची फौंड्री हाय. त्यानं मशीन बाहेरच्या देशातनं मागवलंय, डबा उघडल्यावर आमास्नी फोटो पाठवलं हुतं, बारशाचं पाठवतात तसं. तिसरा आमचा जोतीराम. कागलच्या अलीकडं त्याचं रान, रानाला लागूनच घर. आमी तिघं दर रविवारी त्याच्या रानात जमायचो. दुसऱ्याच्या रानात पाय ठेवायचा न्हाय, गडाकडं तर बघायचं बी न्हाय, ह्यो आमचा नेम. सापडायचं काय, तर बैलाची नालं, खिळं, जुनी घुंगरं, कधीतरी एखादा झिजलेला ढब्बू पैसा. पण त्या ढब्बूसाठी जीव असा धडधडतो की इचारू नका. बायकापोरास्नी ते कळत न्हाय.

आता मशीनचं सांगतो. मशीन धातूला हाक मारतंय आणि धातू उलटा आवाज देतोय. लोखंड जाड आवाजात बोलतं, तांबं शिट्टी मारतं, आणि ह्या दोघांच्या मधल्या पट्टीत चांदीच्या कागदागत चमकणारं फॉइल. जोत्याचं रान सडकंला लागून. लोकं येत्यात, सावलीला बसत्यात, गुटख्याच्या पुड्या फाडून टाकत्यात, नांगर फिरला की त्या पुड्या खाली जात्यात. दर पावलाला मशीन वाजायचं, आमी गुडघं टेकून उकरायचो, आणि हातात काय, तर पुडी. वर्षभर मी पुड्याच उकरल्या. डोस्कं फिरलं माझं. मग मी बसलो आणि मशीनला गाळणी लावली. फॉइलची मधली पट्टीच कापून टाकली. पुडीवरनं कॉईल फिरवली तरी मशीन गप्प. आणि ढब्बू आला की टुंईं.

उदयसिंहानं बघितलं आणि म्हणाला, "आकाराम, काम बेस झालंय. पण बारकं सोनं बरोबर ह्याच पट्टीत बसतंय. गुटख्याची पुडी आणि बारका मणी, मशीनला दोघं जुळी भावंडं. पुडी गाळलीस की मणी बी गाळलास."

"इथं सोनं हुडकायला कोण आलंय?" मी म्हणालो. "आपण नाणी हुडकतोय."

"तरी बी. मशीननं सगळं सांगावं आणि माणसानं काय ते निवडावं. मशीनच निवडाय लागलं तर माणूस कशाला पायजे?"

"तुझं मशीन सगळं सांगतंय म्हणूनच तुझी पिशवी पुड्यांनी भरती. सारखं भुकणारं कुत्रं राखण करत न्हाय, उदयसिंह. जवा चोर येतो तवाच भुकतंय ते कुत्रं खरं."

जोत्या हसला. त्यानं त्याच्या बी मशीनला माझ्याकडनं गाळणी लावून घेतली. मला बरं वाटलं, सांगतो की. फौंड्रीवाल्याच्या मशीनपरास वायंडिंगवाल्याचं मशीन भारी निघालं की कुणाला बरं वाटायचं न्हाय?

च्या घेऊन रानात यायची ती रूपाली. जोत्याच्या धाकट्या भावाची, संग्रामची बायको. संग्राम हायवेवर गाडी ठोकून गेला, पदरात ना मूल ना बाळ, पण सासूनं हिला माहेरी जाऊ दिली न्हाय. माझी लेक म्हणून माझ्यापाशीच राहील म्हणाली. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, तिथं ह्या दोघी. म्हातारीचं नाव बनाबाई. अंथरुणाला खिळल्यापासनं तिचं हागणं-मुतणं सगळं रूपालीनं काढलं, जोत्याच्या बायकोनं, संयोगितानं, वाकून बघितलं न्हाय. ह्ये मी न्हाय म्हणत, गाव म्हणतंय.

रूपालीचा माझ्या मशीनवर लई भरवसा. एकदा म्हातारीच्या चाव्यांचा जुडगा शेणाबरोबर उकिरड्यात गेलता. सगळ्यांनी फावडी मारली, गावला न्हाय. मी मशीन फिरवलं आणि बोट ठेवलं तिथं जुडगा. तवापासनं कुणाचं काय हरवलं की ती म्हणायची, आकारामभावजींच्या मशीनला इचारा, ते खोटं बोलत न्हाय.

म्हातारी गेली ती बी रविवारीच. आमी तिघं रानात. आता मशीन चालवताना कानावर हेडफोन असतोय, आणि मोबाईल लांब ठेवावा लागतोय, न्हायतर कॉईल किरकिर करती. आमचे मोबाईल खोपटात खुंटीला पिशवीत. संयोगिता माहेरी बारशाला गेलती. रूपालीनं फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. मग बांधावर येऊन हाका मारल्या. आमच्या कानात मशीन. शेवटी पळत येऊन तिनं जोत्याचा दंड धरला तवा त्यानं हेडफोन काढला.

"आत्ती गेल्या, भावजी."

जोत्यानं मशीन खाली ठेवलं. मग म्हणाला, "हाक मारायला काय झालतं?"

"मारली की," ती म्हणाली.

एवढंच झालं. पण आईच्या तोंडात पाणी घालायला आपण न्हवतो ह्ये जोत्याच्या मनात सलत राहिलं, आणि माणसाला सल असला की तो दुसऱ्याच्या पायात काटा हुडकतोय. ते निमित्त त्याला बायकोनं दिलं.

बनाबाईपाशी डोरल्यातला एक मणी हुता. नवरा गेल्यावर डोरलं मोडलं, पण तेवढा एक मणी तिनं लुगड्याच्या गाठीत जपला हुता. मरताना माझ्या तोंडात ह्यो मणी घाला, असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. आमच्याकडं रीतच हाय, तोंडात सोनं घालून पाठवायचं. रूपाली म्हणाली, मी घातला. म्हातारीनं मान टाकायच्या आधी तुळशीचं पाणी पाजलं, गाठ सोडली, मणी जिभंवर ठेवला, तोंड मिटलं. पण बघायला खोलीत दुसरं कोण हुतं? कोण न्हवतं.

संयोगिता आली तवा म्हातारीची हनुवटी फडक्यानं बांधलेली. तिनं दारातच इचारलं, "मणी कुठं हाय?"

"तोंडात घातला, अक्का."

"कुणी बघितला?"

बांधलेलं तोंड परत सोडायची रीत न्हाय. प्रेताला पाणी घालताना बायका आपसात कुजबुजल्या. माती देऊन माणसं परत आली तवर मणी सगळ्या भावकीच्या तोंडात हुता. मणी केवढा, तर ज्वारीच्या दाण्याएवढा. पण संयोगिताला मणी न्हवताच पायजे. तिला मागच्या दोन खोल्या मोकळ्या पायजे हुत्या. एकदा चोर ठरवली की बाहेर काढायला सोपं. दुसऱ्या दिवशी भावकी सोप्यात बसली, मी बी हुतो, आणि जोत्या सगळ्यांदेखत म्हणाला, "सासूच्या तोंडचं सोनं खाल्लेली बाई माझ्या घरात न्हाय राह्यची."

तवा रूपाली आतनं बाहेर आली. डोळं सुजल्यालं, पण आवाज सरळ. मला म्हणाली, "आकारामभावजी, उद्या राख सावडायची हाय. तुमचं मशीन लावा की राखंवर. मणी जळून जातोय काय? राखंतच असंल. मशीन वाजलं तर मी हितंच राहीन. न्हाय वाजलं तर मी माझ्या पायानं बिद्रीला माहेरी जाईन, परत तोंड दाखवणार न्हाय."

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "पोरगी बोलली ते सरळ हाय. ठरलं."

मी काय म्हणणार? माझ्या मशीनला एवढा मान आजवर कुणी दिला न्हवता. भावकीच्या पंचांनी निवाडा माझ्या मशीनवर सोडलेला. मी रात्रभर बॅटरी चार्ज केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्मशानात गेलो. म्हातारीला जाळलं हुतं लोखंडी सांगाड्यावर, तिथं मशीन लावून उपयोग न्हाय, लोखंडच वाजत बसंल. म्हणून राख घमेल्यातनं काढून लांब ताडपत्रीच्या तळवटावर पसरायला लावली. राख धुमसत हुती म्हणून आधी पाणी मारलं हुतं, मग रीतीप्रमाणं दूध आणि गोमूत्र शिंपडलं. सगळा चिखल. एकीकडं नैवेद्य ठेवला. ठेवायची फुरसत, कावळा आला आणि शिवला. बायका म्हणाल्या, म्हातारीची काय इच्छा राहिली न्हाय, मणी पोचला असणार. संयोगिता म्हणाली, कावळ्याला भूक लागली असंल. आणि माझं बी तेच मत हुतं. कावळ्याला काय कळतंय? आमी मशीन आणलंय की.

उदयसिंहानं आपलं मशीन आधी लावलं. कॉईल राखेवर नेली मात्र, टीं टीं टीं. ह्या टोकाला वाजतंय, त्या टोकाला वाजतंय, मध्ये वाजतंय. भावकी बघतच राहिली. एकजण म्हणाला, "म्हातारीनं मण्यांची माळच गिळलेली दिसती." लोकं हसली. राखेपाशी हसली.

उदयसिंहानं मशीन बंद केलं. म्हणाला, "राखेत खार असतोय. ओली झाली की खारच वाजतोय, मण्यागत. राख वाळू द्या. दोन दिवस उन्हात पसरून ठेवू, मग लावू."

"राख दोन दिवस ठेवायची?" जोत्या म्हणाला. "माझी आई म्हंजे काय मिरच्या हायत व्हय, वाळत घालायला?"

मग सगळी माझ्याकडं बघाय लागली. मी हेडफोन काढून ठेवला, आवाज सगळ्यांनी ऐकावा म्हणून. आधी खिशातलं नाणं राखंवर टाकलं. टुंईं. नाणं उचललं. गप्प. भावकीतनं वा म्हणाली माणसं. मग मी सावकाश, इंचा-इंचानं, कॉईल अख्ख्या राखेवरनं फिरवली. मशीन गप्प. आडवी फिरवली, उभी फिरवली. चिडीचूप. खार बी गाळला हुता माझ्या गाळणीनं. इतकं स्वच्छ मशीन मी आजवर ऐकलं न्हवतं.

उदयसिंह माझ्या कानाशी आला. हळूच म्हणाला, "गाळणी काढ आणि बघ."

"काढली की तुझ्यागत बोंबलंल."

"बोंबलू दे. पण मग सांग ह्यास्नी, कळत न्हाय म्हणून. मणी असला तरी तुझं मशीन गप्पच राहणार. तुला ठाऊक हाय."

मला असला संताप आला. सगळ्या भावकीसमोर माझं मशीन एकदाचं पास झालेलं, आणि ह्यो फौंड्रीवाला मला सांगतोय की उठून म्हण, मला काय कळत न्हाय. आणि त्याचं मशीन आत्ताच हसं होऊन बसलंय ते? मी कॉईल पुसत बसलो.

रूपाली माझ्यासमोर आली. "परत एकदा फिरवा की, भावजी. त्यो एका अंगाला चेपलेला हाय. मुसळाखाली आलता कधीतरी. चपटा म्हणून कळत नसंल."

मी परत फिरवलं. तिच्या समाधानासाठी फिरवलं. गप्प.

"काय, आकाराम?" भावकीतल्या म्हाताऱ्यानं इचारलं.

"न्हाय," मी म्हणालो.

उदयसिंह मोठ्यानं बोलाय लागला, पट्टी काय, फॉइल काय, पण त्याचं कोण ऐकतंय? ज्याचं मशीन राखेला सोनं म्हणतंय त्यानं दुसऱ्याच्या मशीनला नावं ठेवायची? जोत्यानं त्याला गप बसवलं. तो मशीन उचलून गाडीकडं गेला तो गेलाच. त्यानंतर रविवारी कधी आला न्हाय.

तवर रूपाली तळवटावर बसलीवती. दोन्ही हात कोपरापर्यंत राखेत. बोटांतनं चाळतीय, ढेकळं फोडतीय, हाडाचे तुकडे बाजूला ठेवतीय, परत उचलून बघतीय. "आत्ती, सांगा की," म्हणत हुती. "आत्ती, तुमी तरी सांगा की." संयोगितानं तिला दंडाला धरून ओढली, "इटाळू नगंस त्यास्नी." ओढताना लुगड्याला, तोंडाला, केसास्नी सगळी राख. कुणी पुढं झालं न्हाय. बायकाबी न्हाय. तळवट उचलला, राख पोत्यात भरली आणि सगळी रानाकडं निघाली.

आमच्याकडं आता बरीचजण राख नदीत सोडत न्हाईत, रानात खड्डा काढून वर झाड लावत्यात. नदी बी साफ राहती, माणूस बी डोळ्यासमोर राहतंय. बनाबाईची राख बांधाजवळ पुरली आणि वर आंब्याचं रोप लावलं. रोपाला पाणी घालायला रूपालीला बोलवलं न्हाय.

दुपारी ती पिशवी घेऊन वाटंवर उभी. मी माझ्या फटफटीवर कोल्हापूरला निघालेलो. गाडी उलटी वळवून कागलच्या स्टँडवर सोडतो म्हणालो. माणुसकी हाय की. मशीन बांधायला दोरी न्हवती, तिनं ते मांडीवर आडवं धरलं, लेकरागत. स्टँडवर उतरली, मशीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "भावजी, एक इचारू? ह्ये मशीन कधी चुकतंय?"

"न्हाय," मी म्हणालो. तिथं स्टँडवर तिला पट्ट्या समजावून सांगत बसू काय?

तिनं पिशवी खाली ठेवली. "मग माझ्याच हातनं पडला असंल. मला वाटलं जिभंवर ठेवला. हात थरथरत हुते की माझे. पडला असंल गादीवर, आणि मला वाटलं ठेवला." आणि तोंडाला पदर लावून रडाय लागली, राखेच्या तोंडानं. मला तिचा राग आला. आत्तापर्यंत सगळ्या भावकीला तोंड देत हुती, आणि आता आपल्या हाताचं खोटं आणि मशीनचं खरं? एवढी कशी मऊ? मी गाडीला किक मारली.

मग पावसाळा गेला. मागच्या दोन खोल्यांत संयोगितानं खताची पोती भरली. दिवाळीला रूपाली आलती म्हणं, घरात घेतली न्हाय, दारातनंच गेली. जाताना संयोगिताच्या हातात एक मणी ठेवला. तिच्या स्वतःच्या डोरल्यातला, संग्रामनं घातलेल्या. म्हणाली, "अक्का, माझ्या हातनं पडला त्याच्या जागी ह्यो घ्या. आत्तींच्या झाडापाशी पुरा." संयोगितानं पुरला न्हाय. स्वतःच्या गंठणात ओवला. जोत्यानंच सांगिटलं मला, आणि सांगताना हसत हुता. "बघ, कबूल झाली का न्हाय शेवटी?"

थंडीत मी मशीनला नवं बटण बसवलं. गाळणी पायजे तवा चालू, पायजे तवा बंद. आता ह्यात मी उदयसिंहाचं ऐकलं असं कुणी म्हणू नये, माझ्या डोक्यात ते आधीपासनं हुतं. रविवारी जोत्याच्या रानात चाचणी घेतली. बांधाजवळ पुड्या नसत्यात म्हणून तिथं गाळणी बंद करून फिरवत हुतो. आंब्याच्या रोपापाशी बारीक आवाज आला. एकदम बारीक, चिमणीच्या पिल्लागत, पण स्वच्छ. उलटं फिरवलं तरी तिथंच. पावसानं राखेतला खार सगळा धुवून नेलता, त्यामुळं आजूबाजूला काय सुदिक वाजत न्हवतं.

जोत्या गुडघ्यावर बसला आणि बोटांनी उकरलं. चार बोटं खाली मणी. काळा पडल्याला, एका अंगाला हाडाचा भुगा चिकटलेला. त्यानं अंगठ्यानं पुसलं तवा पिवळं दिसलं. आणि एका अंगाला चेपलेला.

"चार बोटांवरनं पकडला रं!" मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, पयल्यांदा मला तेच सुचलं. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी, चार बोटं खाली, घरी गुंडाळलेल्या कॉईलवर. बाहेरच्या देशातल्या मशीनला बी जमणार न्हाय.

जोत्या मणी तळहातावर घेऊन बसला. घराकडं बघितलं, मागच्या खोल्यांकडं. मग म्हणाला, "भावकीला काय सांगायचं?"

"भावकीला कोण इचारतंय?"

"तिला?"

"तिला आणायची म्हंजे खोल्या मोकळ्या कराय लागतील. आणि वैनीच्या गळ्यातला दुसरा मणी काढाय लागंल. सांग बायकोला."

त्यानं खड्डा बुजवला. मग मणी माझ्या हातात दिला. "तुझ्यापाशी ठेव. माझ्या घरात नको." आणि हात मातीला पुसले. परत त्या रोपाला पाणी घालायला तो कधी गेला न्हाय. रोप वाळलं.

आता ही बघा, काउंटरवर फळी हाय न्हवं, ही आमची नमुन्याची फळी. प्रत्येक मशीनवाल्यापाशी असती. ह्यो खिळा, ही नाल, ह्यो ढब्बू, ही गुटख्याची पुडी. नवी कॉईल झाली की ह्या एकेकावरनं फिरवायची आणि आवाज जुळवायचा. आणि ह्यो पुडीच्या शेजारी चिकटवलाय त्यो मणी. बारक्या सोन्याचा नमुना मिळणं किती अवघड असतंय, तुमास्नी आता कळंल.

मागच्या आठवड्यात रूपाली दुकानात आली. भावाची मोटर जळलेली, रिक्षातनं घेऊन आलती. भाऊ का आला न्हाय म्हणून इचारलं न्हाय मी. तिथं तिचं काय चाललंय ते बिद्रीकडची गिऱ्हाइकं सांगत्यात. भावजय हिला चुलीपाशी येऊ देत न्हाय, कपाटाला कुलूप घालून चावी कनवटीला लावती. चोरटी म्हणून नाव झालं की सासरचं काय आणि माहेरचं काय. ती लई वाळलीया. काउंटरला टेकून उभी राहिली आणि तिची नजर ह्या फळीवर गेली.

बघतच राहिली. मग हात पुढं केला आणि मण्याच्या चपट्या बाजूवरनं अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"आत्तींच्या मण्यागत हाय," ती म्हणाली.

 मी म्हणालो, "मणी सगळे सारखेच, वैनी. ह्यो नमुन्याचा हाय."

"त्यो बी असाच चेपलेला हुता."

"चेपत्यात की. सोनं मऊ असतंय."

तिनं हात मागं घेतला. "व्हय. मला हल्ली कुठं बी त्योच दिसतोय. परवा ज्वारी निवडताना दाण्यात दिसला." मग मशीनकडं बघितलं. "ह्ये मशीन ह्यावर वाजतंय?"

गाळणीचं बटण मी अंगठ्यानं बंद केलं. तिला ते कळायचं कारण न्हवतं. फळीवरनं कॉईल नेली. मण्यावर येताच टीं.

"वाजतंय की," ती म्हणाली.

"वाजणारच. सोनं हाय न्हवं."

ती मान हलवत राहिली. "म्हंजे तवा असता तर वाजलं असतं."

"व्हय," मी म्हणालो.

"मग पडलाच माझ्या हातनं." असं ती स्वतःशीच म्हणाली, आता रडली बी न्हाय. पदर खोचला, मोटर कधी मिळंल म्हणून इचारलं. मी शुक्रवारी या म्हणालो, आणि ती रिक्षा बघायला बाहेर गेली.